रुंद पानाची रोपं

माभेलेने तो तुंबा आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता. चुलीच्या वर, धुराच्या वाटेत, छपराच्या वाशाला तो टांगलेला असे. धुराने काळा आणि चिकट झालेला. आत राख, आणि राखेत गांज्याचं बी. नवरा गेला तेव्हा घरातली एकूणएक वस्तू जावांनी आणि नणंदांनी हाताळून पाहिली, पण तुंब्याकडे कुणी नुसतं बोटही दाखवलं नाही. पोलिसांच्या हेलिकॉप्टरने ज्या वर्षी सगळ्या खोऱ्यावर औषध फवारलं आणि मक्यासकट सारं करपून गेलं, त्या वर्षीही या तुंब्यातलं बी धुरात सुखरूप राहिलं होतं. आणि आज माभेले लुसिकिसिकीच्या रस्त्यावर, बस थांबते तिथल्या दगडावर बसून तोच तुंबा सुनेच्या मांडीवर ठेवत होती.

"आई, हा घरीच दिला असतात तर? इथवर कशाला वागवलात?"

"घरी तू ऐकलं नसतंस. घरात तुझा एक कान माझ्याकडे असतो आणि दुसरा दुधाकडे."

माभेलेच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनसाठी ती डर्बनजवळ उम्लाझीला थोरल्या लेकीकडे निघाली होती. पेरणीचे दिवस तोंडावर आलेले, आणि म्हातारी नेमकी तेव्हाच घराबाहेर. तिने डॉक्टरला पुढची तारीख मागून पाहिली होती. डॉक्टर म्हणे हसला.

"सगळं बी घालायचं?" नोसाखेलेने विचारलं.

"सगळं. जुनं झालंय. गेल्या साली मला दिसलंच नाही, भरलेलं कोणतं नि पोकळ कोणतं. आणखी वर्षभर ठेवलं तर त्यात जीव राहायचा नाही. भिजवल्यावर काय करशील?"

"फडक्यात बांधीन."

"आणि फडकं कुठे?"

"इथे." नोसाखेलेने छातीवर हात ठेवला.

"हं. चुलीपाशी नाही. चुलीला नुसती ऊब कळते, माया कळत नाही. आणि मोड आले की थांबायचं नाही, त्याच दिवशी मातीत."

"आणि खत?"

"खत गुरांच्या वाडग्यातलं. गोबिझेम्बेला सांग, तो काढून देईल."

तेवढ्यात वळणावर बसचा धुरळा दिसला, आणि खताची गोष्ट तिथेच राहिली.

नोसाखेले मूळची कोकस्टाडकडची, मेंढ्यांच्या मुलखातली. नोसाखेले हे नाव सासरचं, लग्नात ठेवलेलं. जिने आमच्यासाठी घर उभारलं, असा त्याचा अर्थ. नवरा झोलिले रुस्टेनबर्गच्या खाणीत. वर्षातून नाताळला घरी. बाकी सगळा संसार सासू आणि सून, आणि अंगणापलीकडच्या झोपडीत राहणारा धाकटा चुलत सासरा गोबिझेम्बे. गावातल्या बायका तिला अजून 'कोकस्टाडची' म्हणत. ही मेंढरं राखणारी, हिला रोपं काय कळणार, असं पाण्याच्या नळावर दोघीतिघी बोललेल्या तिने ऐकलं होतं. म्हणून त्या दिवशी तुंबा कडेवर घेऊन ती चढण चढली ती एखाद्या राणीसारखी.

तिने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. बी कोमट पाण्यात भिजवलं. वर तरंगलेलं बोटाने बुडवून पाहिलं, जे बुडेना ते कोंबड्यांना टाकलं. बुडालेलं जुन्या मऊ फडक्यात बांधून छातीशी धरलं आणि तशीच घरची कामं केली. शेजारची माच्वेरा कुंपणावरून म्हणाली, "काय गं, छातीशी काय लपवलंयस? झोलिलेचं पत्र?"

"झोलिले पत्र लिहायला शिकल्यावर कळवीन."

माच्वेरा खिदळली. ती मनाने चांगली होती, पण तोंडाला झाकण नव्हतं.

आणि एका सकाळी नोसाखेलेने फडकं उघडलं तर बियांची टरफलं फाटून पांढऱ्या शेपट्या बाहेर आलेल्या. किती नाजूक! श्वास लागला तरी हलतील अशा. तिला इतका आनंद झाला की ती तशीच धावत गोबिझेम्बे काकांच्या झोपडीपाशी गेली. झोपडीला कडी. काका डोंगरापलीकडे मयताला गेले होते. आणि मयताला गेलेले गोबिझेम्बे काका म्हणजे लग्नाला गेलेला पाहुणा. शेवटचं भांडं घासून होईपर्यंत परतायचे नाहीत.

आता खताची पंचाईत झाली.

गुरांचं वाडगं घराच्या समोरच होतं, जाड लाकडं उभी रोवून केलेलं. पण त्यात सुनेने पाऊल घालायचं नाही. घरचे पूर्वज तिथे असतात; वंश पुढे नेणाऱ्या बाईने त्यांच्या अंगणातून चालायचं नसतं. सासूचं वय आता त्या नियमाच्या पार गेलं होतं. ती दरवर्षी घमेलं घेऊन आत जायची, बराच वेळ दिसेनाशी व्हायची आणि काळंभोर, भुसभुशीत काहीतरी घेऊन बाहेर यायची. नोसाखेले दाराशी उभी राहून ते घमेलं हातात घ्यायची. बी भिजवणं, फडकं, पेरणी, पाणी, सगळं तिने सासूच्या शेजारी बसून पाहिलेलं होतं. एवढी एकच पायरी कुंपणाच्या आत घडायची, आणि ती तिने कधी पाहिली नव्हती.

माच्वेराच्या नवऱ्याला सांगता आलं असतं. रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या न्यावुझाला, म्हणजे याच कुळातल्या पुरुषाला, हाक मारता आली असती. पण मग नळावर आणखी एक गोष्ट गेली असती. कोकस्टाडचीला घमेलंभर खतही काढता आलं नाही म्हणे. नोसाखेले वाडग्याच्या दाराबाहेर उभी राहिली. संध्याकाळी आत शिरायच्या आधी गाई तिथे घोटाळतात. शेणाचे थर पडलेले, वरून सुकलेले, आत काळे. तिने पायाने एक ढेकूळ फोडलं. शेण ते शेण, तिने मनाशी म्हटलं. त्याच गाईचं, त्याच पोटातलं. कुंपणाच्या आत पडलं काय नि बाहेर पडलं काय!

नदीची वाळू मिसळून तिने दोन जुनी पत्र्याची घमेली भरली, बोटाच्या पेराएवढं खोल एकेक बी पांढरी शेपटी खाली करून ठेवलं, आणि वर माती पसरली. छपराच्या पुढच्या सावलीत, कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा फळीवर ती घमेली मांडली.

रोपं वर आली. आधी मान वाकवलेली, टरफलाची टोपी घातलेली, मग ताठ. दोन गोल पानं, आणि त्यांच्या मधून करवतीच्या दातांची पहिली खरी जोडी. नाटकात पडदा वर जाताना प्रेक्षक जसा श्वास रोखतो तशी नोसाखेले रोज सकाळी त्या फळीपुढे उभी राहायची. उम्लाझीहून फोन आला. "आलं का गं?"

"आलं, आई. सगळं आलं."

"मला माहीत होतं," माभेले म्हणाली. नोसाखेलेला वाटलं, एवढी एक ओळ ऐकायला आपण सासरी आलो.

मग पानांची टोकं पिवळी पडली. कडा तपकिरी झाल्या, कागद चुलीपाशी धरल्यासारख्या. नोसाखेलेला वाटलं तहान लागली असेल. तिने पाणी वाढवलं. दुसऱ्या दिवशी काही रोपांची देठं मातीलगत बारीक होऊन त्यांनी माना टाकल्या. तिसऱ्या दिवशी उरलेल्यांनी. तिने घमेल्यात बोटं खुपसली तर खत आतून कोमट होतं, नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या अंथरुणासारखं. तेव्हा तिला कळलं, शेण अजून कच्चं होतं, मुरलेलं नव्हतं. कोणी सांगायला लागलं नाही. हात आतच ठेवून ती तशीच बसून राहिली. तुंब्यात आता नुसती राख होती.

ती रोपं तिने उकिरड्यावर टाकली नाहीत. कोरफडीच्या कुंपणाखाली खड्डा करून पुरली. आणि त्याच दुपारी पुन्हा फोन आला.

"एक डोळा झाला गं. पट्टी आहे. पण मला रोपं दिसतात. कशी आहेत?"

सांगायला तीच वेळ होती. नोसाखेलेने तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "छान आहेत, आई."

खोटं बोलणं हे उतारावर सोडलेल्या दगडासारखं असतं. पहिला धक्का तेवढा माणसाचा. संध्याकाळी ती माच्वेराच्या दारात उभी होती. माच्वेराचा मुलगा डर्बनमध्ये. तो आईला परदेशी बियांची पाकिटं पाठवायचा. शहरातली गिऱ्हाइकं आता तोच माल मागत. घराच्या आवारात चार झाडं लावली तर हल्ली पोलीस वळूनही पाहत नसत. खोऱ्यातला जुना बारीक पानाचा गांजा कुणाला नको होता. माच्वेराच्या खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांत रोपांची रांग लागली होती.

नोसाखेलेने सगळं सांगितलं. माच्वेरा आयुष्यात पहिल्यांदा मधे बोलली नाही. मग म्हणाली, "घे की यातली. मला जास्तच झालीत. सगळी माद्याच निघतात म्हणे, नर उपटायची कटकट नाही. फक्त यांना बी धरत नाही. दरवर्षी नवं पाकीट."

"आईंना कळेल."

"म्हातारीला काय दिसतंय?"

"अगं, त्या डोळ्यांच्या ऑपरेशनलाच गेल्यात."

माच्वेराने कपाळावर हात मारला, मग तोच हात तोंडावर ठेवला आणि खांदे हलेपर्यंत हसली. नोसाखेले हसली नाही. पण डबे घेऊन घरी आली.

माभेले परतली ती काळा चष्मा लावून, बाजूनेही झाकलेला. बसमधून उतरली आणि रस्त्यातच उभी राहून सुनेकडे खालपासून वरपर्यंत पाहत राहिली. "तू एवढीशीच आहेस? आवाजावरून मला चांगली थोराड वाटायचीस." घरापाशी आल्यावर म्हणाली, "भिंत इतकी निळी आहे? मला कुणी बोललं नाही." कोंबडीच्या पायांवर खवले असतात हे तिने लेकरासारखं वाकून पाहिलं; वाकायचं नाही असं डॉक्टरने बजावलेलं, ते सुनेने आठवण करून देईपर्यंत.

मग ती फळीपाशी आली. चष्मा कपाळावर चढवला.

नोसाखेले मागे उभी होती. विंगेत उभं राहून आपलं वाक्य घोटणाऱ्या पात्रासारखे तिचे ओठ हलत होते. माझ्या हातून चूक झाली. माझ्या हातून चूक झाली.

"किती रुंद," माभेले म्हणाली. एक पान दोन बोटांत हलकेच धरून तिने वर केलं. "मला वाटायचं बारीक असतात. गवतासारखी, लांब बोटांची. पोरगी होते तेव्हापासून तसंच वाटायचं." ती जरा थांबली. "म्हणजे माझे डोळे तेव्हापासूनच अधू होते की काय गं?"

ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. माभेले उत्तराची वाट पाहत होती.

"आई, चहाला पाणी ठेवू?" नोसाखेले म्हणाली.

गोबिझेम्बे काका मयताहून आले, वहिनीला भेटले, तिच्या चष्म्यात आपला चेहरा पाहून मिशी नीट केली, आणि जाता जाता फळीपाशी रेंगाळले. "यांनी बूट घातलेले दिसतात," ते हळूच सुनेला म्हणाले. "आपली रोपं अनवाणी असायची."

"काका, बोलू नका."

"मी कशाला बोलतोय. मला धूर कळतो, पान कुठे कळतं?" पण त्यांची नजर वाडग्याच्या दाराबाहेरच्या उकरलेल्या शेणाकडे गेली, आणि ते पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं नोसाखेलेला नंतर वाटत राहिलं.

कारण माभेलेने ती गोष्ट आता डोक्यात घेतली होती. जो येईल त्याला ती सांगायची. "पाहा, माणूस जन्मभर एक गोष्ट चुकीची पाहतं आणि शपथेवर सांगतं." दुपारी मका-घेवडा खाताना ती घास थांबवून दाणा उजेडात धरायची. "हा असाच होता ना गं आधी?" सून म्हणायची, असाच होता. मग ती खायची. खोट्याचं खरं करायला निघालेल्या बाईकडेच म्हातारी खऱ्याची खात्री करून घेत होती.

आणि एका दुपारी नोसाखेले सरपण घेऊन आली, तर सासू दारातल्या उजेडात नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन बसलेली. लग्नानंतरचा, टोपीतला फोटो.

"याचं नाक असं होतं?"

"मी त्यांना पाहिलंच नाही ना आई, मी आले तेव्हा..."

"माझ्या आठवणीत वेगळं आहे. जरासं बसकं. मला ते नाक फार आवडायचं." माभेलेने बोट फोटोवरून फिरवलं. "पण पानाचंच मी चुकीचं धरून बसले होते, मग माणसाचं काय सांगावं. कोण जाणे, कुणाच्या चेहऱ्यावर मी इतकी वर्षं रडले."

ती हे हसत म्हणाली, म्हणून अधिकच लागलं. नोसाखेलेच्या हातातली मोळी सुटली नाही, तोंडून शब्दही सुटला नाही. तिने चूल पेटवली, चहा केला, साखर जास्त घातली आणि सासूच्या हातात कप दिला. रोपं मेली तेव्हा तिला वाटलं होतं, याहून मोठं आपल्या हातून काही व्हायचं नाही. आता तिला कळलं की बी मारणं लहान होतं. ती या बाईच्या डोळ्यांमागचं सगळं साठवलेलं एकेक करून मारत होती. आणि तरी ती बोलली नाही. उद्या बोलू, असं म्हणाली. आणि उद्या आला की धुणं होतं.

मग माझिझी आली.

माझिझी नदीपलीकडची, माभेलेच्याच वयाची. दर वसंतात ती म्झिन्त्लावा नदी ओलांडून यायची, कारण दरवर्षी तिचं बी काही ना काही होऊन जायचं. माभेलेला या भेटीचा मोठा अभिमान होता. ती झोपडीपुढे चटई टाकून बसली आणि पाहुणी धापा टाकत वर येईपर्यंत थांबली.

"या वर्षी काय झालं, झिझी? उंदीर की जावई?"

"भिजलं बाई. छप्पर गळलं."

"गेल्या वर्षी किडलं. त्याआधी नातीने खेळायला घेतलं. तुझ्या घरी बी म्हणजे माहेरी आलेली मुलगी, चार दिवसांची पाहुणी." दोघी हसल्या. आंबवलेल्या ज्वारीचं पेय आलं. मग माभेले उठली, फळीपाशी गेली आणि पाहुणीला जवळ बोलावलं. "हवी तेवढी घे. पण नीट डोळे उघडून बघ. पान रुंद असतं, झिझी. आपण दोघी जन्मभर आंधळ्या होतो."

माझिझीने पाहिलं. मग नाक जवळ नेऊन पाहिलं. "रुंद?"

"तुझ्या डोळ्यांत काय पडलंय? दिसत नाही?"

"दिसतंय की." माझिझी गोंधळून सरळ झाली. "मला आठवतं ते... पण असेल बाई. तुझे डोळे नवे आहेत. माझे जुनेच." आणि तिने एका रोपाकडे हात नेला.

आता ही दुसरी. नोसाखेलेला ते सोसवेना.

"घेऊ नका," ती म्हणाली. "आई, तुमचे डोळे खरे आहेत. आधीही खरे होते. ही रोपंच दुसरी आहेत."

नोसाखेले गुडघ्यांवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. वाडग्याबाहेरचं शेण सांगितलं, कोमट माती सांगितली, कोरफडीखालचा खड्डा सांगितला, माच्वेराचे डबे सांगितले. फोनवर काय बोलली तेही. सांगताना ती एकदाही 'काका नव्हते म्हणून' असं म्हणाली नाही, हे माझिझीने मागाहून आपल्या घरी जाऊन सांगितलं.

माभेलेने चष्मा काढला. डॉक्टरने डोळे चोळायचे नाहीत म्हटलं होतं. तिने ओढणीच्या टोकाने ते पुसले, एकदा हा, एकदा तो.

"रोपं मरतात," ती म्हणाली. "माझी किती वेळा मेली. सासूने मला तेव्हा घमेलं फेकून मारलं होतं, इथे खूण आहे. तू त्या दिवशी फोनवर सांगितलं असतंस तर मीही ओरडले असते, आणि झालं असतं." तिचा आवाज चढला नाही. "पण मी त्याचा फोटो घेऊन बसले होते. तू पाहिलंस. आणि तू मला चहा दिलास."

नोसाखेलेने मान वर केली नाही.

"साखर जास्त होती त्यात," माभेले म्हणाली. "मला वाटलं, पोरगी जीव लावते."

यावर नोसाखेले रडली, पण आवाज न करता, कारण तिला वाटलं की मोठ्याने रडायचाही आपल्याला हक्क नाही.

माझिझीने घसा साफ केला. "आज खरं बोलायचा दिवस दिसतोय. मग माझंही ऐका." तिने पेयाचा डबा खाली ठेवला. "माझं बी भिजलं नाही. गेल्या वर्षी किडलंही नव्हतं. तुझं जुनं बी माझ्या घरी पत्र्याच्या डब्यात आहे, चांगलं भरलेलं."

माभेले तिच्याकडे बघतच राहिली. "मग दरवर्षी मरत मरत ही चढण चढतेस कशाला?"

"काम काय म्हणून सुना विचारतात. नुसतं माभेलेशी बोलत बसायचंय म्हटलं, तर म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं, होडीत बसून गप्पा मारायला निघाली. बी आणायला जाते म्हटलं की शिदोरी बांधून देतात."

"आणि मी तुला इतकी वर्षं बोलले ते?"

"ते ऐकायलाच तर यायचे."

माभेलेला हसू आलं असतं, पण तिने ते आवरलं. आज हसण्यासारखं तिच्याकडे काही शिल्लक नव्हतं. तिच्यापुढे आता नवाच पेच होता. ती आजवर देत आली होती. मागायचं कसं, कुठून सुरुवात करायची, हात पुढे करायचा की आधी हवापाण्याचं बोलायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. माझिझीला ते कळलं.

"माग की. मी दरवर्षी मागते, माझं काय झिजलं?"

"तुझं मागणं खोटं होतं," माभेले म्हणाली. "मला खरं मागायचंय." आणि मग सुनेकडे न पाहता, "जिने मारलं तिने मागावं."

तेव्हा नोसाखेलेने दोन्ही हात पुढे केले, ओंजळ करून, इथल्या रीतीने, आणि नदीपलीकडच्या त्या बाईकडे आपल्या सासूच्या घरासाठी बी मागितलं. बोलताना तिने आपलं नाव घेतलं, आणि नावाचा अर्थ आठवून तिची जीभ अडखळली. माझिझीने तिचे हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाली, "होडी सकाळी असते. रिकाम्या पोटी ये."

नोसाखेले गेली आणि घेऊन आली. बी पुन्हा भिजलं, पुन्हा फडक्यात, पुन्हा छातीशी. माच्वेराने कुंपणावरून विचारलं, "आता काय आहे?" पण उत्तर ऐकायच्या आतच ती घरात गेली, तिच्यापरीने ती लाजली होती. रुंद पानाची रोपं उपटून टाकू का, असं नोसाखेलेने विचारलं तेव्हा माभेले म्हणाली, "त्यांचा काय दोष? ऊन लागेल अशी ठेव." त्या दिवसांत ती सुनेशी एवढंच बोलायची, कामापुरतं. चहा स्वतः करून घ्यायची. मक्याचा दाणा उजेडात धरायची, पण विचारायची नाही.

पेरणीला तसा उशीर झाला होता. बियांनी पांढऱ्या शेपट्या काढल्या त्या सकाळी गोबिझेम्बे काका घरीच होते, वाडग्याच्या दाराशी उन्हात बसलेले. "वहिनी, मी काढतो," ते म्हणाले.

"तू बस," माभेले म्हणाली. "नोसाखेले, घमेलं घेऊन ये. आत नाही. कुंपणाबाहेरून, त्या कोपऱ्यापाशी ये."

ती आत गेली. नोसाखेले बाहेरून लाकडांच्या कडेने चालत कोपऱ्यापाशी पोहोचली. दोघींच्या मधे रोवलेली लाकडं. फटींतून सासूचा चष्मा, सासूचे हात दिसत होते.

"इथे गाई बसत नाहीत. इथलं जुनं आहे, झोलिले पोरगा होता तेव्हाचं. वरचा थर बाजूला करायचा. त्याखालचा पण. मग हे. दिसतंय?"

"दिसतंय, आई."

"दिसण्यावर जाऊ नकोस. हात घाल."

लाकडांमधली फट रुंद होती. नोसाखेलेने खाली बसून हात आत घातला, कोपरापर्यंत. पाय तिचे बाहेरच होते. गोबिझेम्बे काकांनी एकदा पूर्वजांच्या बाजूला पाहिलं, एकदा वहिनीकडे, आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. माभेलेने सुनेचं मनगट धरून हात त्या काळ्या मातीत दाबला.

"गरम लागतं?"

"नाही. थंड आहे."

"अजून खाली."

"थंडच आहे." मनगटावरची पकड सैल झाली नव्हती. "आई, तुमचा राग गेला का?"

"नाही," माभेले म्हणाली. "हात काढू नकोस."